बिनपाटीची चावडी

आमच्या गावात चावडी कोणी बांधली, असं विचारलं तर प्रत्येक आळीत उत्तर मिळतं आणि प्रत्येक आळीत ते वेगळं असतं. देशमुखांच्या वाड्यावर सांगतात, आमच्या पणज्यानं बांधली. त्याला मूल होत नव्हतं, माळेगावच्या खंडोबाला नवस बोलला होता, तो असा फेडला. मुल्लाच्या घरी सांगायचे, ही मुळात मोहरमच्या सवाऱ्या बसवायची जागा, निजामाच्या कुण्या अंमलदारानं हुकूम काढून उभी केली. वडारवस्तीतले म्हातारे ठासून म्हणतात की जोत्याचा दगड आमच्या माणसांनी फोडला, बाकी कोण काय म्हणतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. आणि ज्याला या भांडणात पडायचंच नसतं तो सांगतो, "पांडवानं बांदली. एका रात्रीत." कोंबडं आरवलं म्हणून पुढची भिंत तेवढी राहून गेली, अशी पुस्तीही वर जोडतो, कारण आमच्या चावडीला भिंती तीनच आहेत. पुढची बाजू सताड उघडी.

माझं माहेर मन्याडच्या काठचं, कंधार तालुक्यातलं. चावडी म्हणजे काही फार मोठी वास्तू नाही. कमरेइतकं उंच काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांबांच्या दोन ओळी, दोन-दोन हात जाडीच्या भिंती, आणि माझ्या लहानपणी वर माळवद होतं. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि पाल्यावर हातभर पांढरी माती. दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी माती पडायची, ती पडक्या गढीतून आणलेली. चांगली पांढरी माती पाणी खाली उतरू देत नाही, आणि तशी माती गावात गढीतच उरलेली. त्यामुळे गढी दरवर्षी थोडी बुटकी होत गेली आणि गावातली माळवदं जाड होत गेली. ज्या बुरुजांवरून कधीकाळी गावावर नजर ठेवली जायची, त्या बुरुजांच्या मातीखाली गाव निवांत झोपायचं. उन्हाळ्यात त्या चावडीत शिरलं की अंगावरून थंडगार पाण्याचा हात फिरल्यासारखं वाटायचं. शिरलं की, असं मी लिहिते आहे खरी, पण मुलींनी तिथं शिरायचं वय फार लवकर संपायचं. त्याबद्दल पुढे.

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पहिलीचं शिक्षण याच चावडीत झालं. शाळेला इमारत नव्हती. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मास्तर उर्दूत शिकवायचे. घरी मराठी, बाजारात मराठी आणि तेलगू, आणि चावडीत अलिफ, बे, पे. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि त्याच भिंतीला त्याच फळ्यावर दादा ग म भ न गिरवायला बसले. ते स्वतः पुढे शिक्षक झाले. म्हातारपणीसुद्धा त्यांना फसली महिने तोंडपाठ होते: आजूर, दय, बहमन, इस्फंदार... एखाद्या आरतीसारखे ते एका दमात म्हणायचे.

हे महिने पाठ असण्याचा उपयोग चावडीनंच करून घेतला. मधल्या तुळईवर एक आकडा कोरलेला आहे: १३२५. पुढेमागे अक्षरं होती, ती धुरानं आणि दरवर्षीच्या तेलपाण्यानं बुजली. आकडा तेवढा राहिला. दादा त्याच्याखाली उभे राहून हिशोब मांडायचे. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार फसली सनावर चाले. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १३२५ फसली असेल तर १९१५-१६. देशमुखांच्या पणज्याशी जुळतं. हिजरी असेल तर १९०७-०८. मुल्लांचं म्हणणं खरं ठरायला वाव मिळतो. आणि शके धरलं तर ७८ मिळवायचे, की आपण थेट १४०३ मध्ये, बहमनींच्या अमलात! एकच आकडा, आणि मोजणारा कोणतं पंचांग हातात घेतो त्यावर चावडीचं वय एक शतक की सहा, हे ठरणार. आमच्या भागात हा गोंधळ चावडीपुरता नाही. जुन्या खरेदीखतांवर, समाध्यांवर, विहिरींच्या दगडांवर असे एकटे आकडे भेटतात. ज्या माणसानं ते कोरले त्याला वाटलंच नसेल की सन कोणता हे कुणाला सांगावं लागेल.

मग एकदा गावातले सुतारकाका माळवदाच्या कामाला वर चढले आणि खाली उतरून म्हणाले, "गुरुजी, ह्या तुळईला जुन्या खाचा हायत. खांबाला जुळंना त्या. ही तुळई आदी दुसऱ्या घरात व्हती." म्हणजे १३२५ हे वर्ष चावडीचं नाहीच. ते एका पडलेल्या, कुणालाही न आठवणाऱ्या वाड्याचं. मागच्या भिंतीतल्या खिडकीवर दगडी पट्टीऐवजी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टाकलेला आहे, आणि हैदराबादहून नांदेडवरून मनमाडला जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला. तेव्हा ती भिंत तरी त्यानंतरची असावी, किंवा खिडकी नंतर फोडली असावी. खांब पाहावेत तर एकासारखा दुसरा नाही. काहींना कमळं, काही सपाट, आणि एक तर इतका आखूड की त्याला खाली नक्षीचा दगड देऊन उंच केलं आहे. नीट पाहिलं की त्या दगडावर अर्धं झिजलेलं कीर्तिमुख दिसतं. पायरी म्हणून जो दगड घातला आहे तो वीरगळ आहे, आडवा टाकलेला. कुण्या काळचा लढून मेलेला वीर, त्याच्या छातीवरून पिढ्यानपिढ्या माणसं वर चढली.

नांदेड-लातूरच्या कुठल्याही जुन्या गावात फिरा, हे दिसेल. देवळाचे दगड विहिरीत, विहिरीचे वाड्यात, वाड्याची लाकडं चावडीत. देगलूरजवळचं होट्टल आज नीट राखलं आहे म्हणून चालुक्यांच्या काळातली देवळं आपण एका जागी, आपापल्या पायावर उभी पाहू शकतो. बाकी गावांत त्या देवळांचे भाऊबंद घराघरांत वाटले गेले. आणि लोक या सगळ्याला सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांचा मंत्री, तेराव्या शतकातला. होट्टलची देवळं त्याच्याही आधीची. तरी काळा दगड दिसला की हेमाडपंत, आणि दगड फारच मोठा असला की पांडव. मला यात अडाणीपणा कधीच दिसला नाही. कागद नसलेल्या माणसांनी आपल्या अंगणातल्या दगडाला कुणीतरी कर्ता दिला, इतकंच. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आमच्याकडे गावानं शोधायचं टाळलं नाही, त्यानं दरवेळी एक नवं मूळ सांगितलं.

कागद का नाहीत, याची कारणं साधी आहेत. गावं दिवाणी, जहागिरी, पायगा, सर्फेखास अशी वाटलेली होती. ज्याच्या हाती गाव त्याच्या दप्तरी त्याचा कागद. १९४९ मध्ये जहागिरी संपल्या, दप्तरं हलली. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची तीन भाषांत वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तोवर बीदर जिल्ह्यात होते, ते मराठवाड्यात आले. देगलूरचा काही भाग तिकडे तेलगू मुलखात गेला. लातूर जिल्हा तर १९८२ चा. म्हणजे एका पिढीत माणूस जागचा न हलता राज्यं बदलत गेला, आणि त्याच्या चावडीचा कागद हैदराबादेत, बीदरात, औरंगाबादेत कुठेही असू शकतो, मोडीत किंवा उर्दूत. मोडी वाचणारे गेले, मग उर्दू वाचणारेही. उरल्या आठवणी, आणि आठवणींचं कॅलेंडर आमच्याकडे वेगळं: रझाकाराचं साल, बहात्तरचा दुष्काळ, भूकंपाचं साल. "चावडीचा मागचा खण कवा झाला?" "रझाकाराच्या आदी." त्याच्या मागे काळ एकसारखा पसरलेला असतो, त्यात पणजा आणि पांडव शेजारी शेजारी राहतात.

शहरात हे प्रश्न पडत नाहीत. लातूरच्या गंजगोलाईचं साल विचारा, १९१७ म्हणून सांगतात, आराखडा करणाऱ्याचं नावही सांगतात. बाजारपेठेला आपला जन्म नोंदवायची गरज होती. खेड्यातल्या चावडीला ती नव्हती, कारण ती आहेच असं सगळे धरून चालले होते. कायदासुद्धा. १९६६ ची जमीन महसूल संहिता काढून पाहिली तर कलम १५० मध्ये लिहिलं आहे की फेरफाराची नोंद घेतली की तलाठ्यानं तिची प्रत चावडीत ठळक जागी लावायची. गावाला चावडी असतेच, हे गृहीत धरून विधिमंडळानं कायदा केला! आजही महसूल खातं गावोगाव सातबारा मोठ्यानं वाचून दाखवतं त्याला चावडी वाचन म्हणतात, मग ते वाचन पत्र्याच्या शेडमध्ये होवो की शाळेच्या व्हरांड्यात.

कंधारचं एक जुनं नाव माझ्या मनात रुतून बसलेलं आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा, म्हणजे दहाव्या शतकातला, एक शिलालेख कंधारला सापडला. त्यात त्या नगरातल्या देवळांची नावं आहेत, जगत्तुंगसमुद्र या तळ्याचं आहे. ते तळं आजही आहे, गावात जाताना डोळ्यांना लागतं. आणि त्याच लेखात एका मंडपाचंही नाव येतं: सर्वलोकाश्रय. तो मंडप आज नाही. त्याचा एखादा दगड आमच्या चावडीत असेलही. कंधारहून आमचं गाव बैलगाडीच्या अंतरावर आहे. पण दगडापेक्षा मला त्या नावाची ओढ आहे. सगळ्या लोकांना आसरा देणारी एक वास्तू असावी, असं हजार वर्षांपूर्वी आमच्याच मुलखात कुणाच्या तरी मनात आलं आणि ते दगडावर कोरलं गेलं. त्या "सर्व"मध्ये कोण कोण धरले होते, हे तो दगड सांगत नाही.

आमच्या चावडीचं मात्र मला सांगता येतं. कारण चावडी कोणी बांधली यावर गावाचं एकमत नसलं, तरी तिथं कोण कुठं बसायचं याबद्दल कुणाचंही दुमत नाही. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं, आणि आल्यापासून ते मला सोडत नाही. ज्या म्हाताऱ्याला चावडीचं शतक सांगता येत नाही तो बोटानं दाखवून सांगतो: हा खांब माली पाटलाचा, तो पोलीस पाटलाचा. मधे पटवाऱ्याची बैठक, पुढ्यात कलमदान. गिरदावर आला की त्याला लोड इथं. वाणी, कोष्टी, माळी या कडेला. धनगर घोंगडी टाकून त्या टोकाला. सुतार, लोहार, कुंभार जोत्याच्या काठावर, पाय खाली सोडून. आणि महार, मांग जोत्याखाली, उन्हात, उभे. येसकर काठी टेकून सगळ्यात जवळ उभा, कारण हाक त्यालाच यायची. जवळ म्हणजे जोत्याच्या खाली दोन हातांवर. बांधणाऱ्याचं नाव दोन पिढ्यांत विसरलेलं गाव हा नकाशा विसरलेलं नाही.

बायका या नकाशात नव्हत्याच. चावडीवरून जाताना पदर डोईवर, नजर खाली आणि चपला हातात. माझी आजी सावकाराघरची लेक, तरी चपला हातात. वीस-पंचवीस पावलांचा तो तापलेला फुफाटा ती भराभरा ओलांडायची आणि मारुतीच्या देवळाच्या कोपऱ्यावर पुन्हा चपला घालायची. ती एकटीच अशी अनवाणी नव्हती. बौद्धवाड्यातले पुरुषही त्याच पट्ट्यात चपला काढायचे. म्हणजे त्या चार खणांसमोरच्या रस्त्यावर माझी आजी आणि येसकर दोघांचे तळवे एकाच मातीनं भाजायचे. दोघंही एकमेकांशी त्याबद्दल कधी बोलले नसणार.

बौद्धवाड्यातल्या एका आजीनं मला सांगितलेलं मी इथं तसंच लिहिते. चावडी कोणी बांधली, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अक्का, कोन बांदलं ते मला ठावं न्हाई. दगूड कोन वाह्यला ते ठावं हाय. माझ्या सासऱ्याच्या बापानं वाह्यला. वेठीत. दिसभर दगूड आन् सांजच्याला भाकर. वाहून दिला आन् खाली हुबा ऱ्हायला."

यानंतर माझा प्रश्नच बदलला. कोणी बांधली याची जी उत्तरं मी गोळा करत आले होते ती सगळी हुकूम देणाऱ्यांची किंवा पैसा देणाऱ्यांची होती: देशमुख, अंमलदार, राजा, पांडव. ज्यांनी दगड फोडला, वाहिला, तुळया चढवल्या, माती तुडवली, त्यांच्याकडे या वास्तूचं एक अगदी खात्रीचं मूळ होतं आणि ते कुणी विचारलंच नव्हतं. वडारवस्तीतले म्हातारे तेच सांगत होते. मी ते ऐकलं होतं आणि बाकीच्या दाव्यांच्या रांगेत ठेवून दिलं होतं.

मुल्लांच्या म्हणण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ते सांगणारं घर आता गावात नाही. चावडीच्या एका भिंतीत तीन कोनाडे आहेत, वर कमान असलेले. मोहरमच्या दहा दिवसांत तिथं सवाऱ्या बसायच्या, पुढ्यात खड्डा खणून आलाव पेटायचा, आणि नवस फेडायला साऱ्या जातींची माणसं यायची. सवारी धरणाऱ्यांत एक घर माळ्यांचं होतं. हे आमच्या भागात नवलाचं नाही. कित्येक गावांत मुसलमानाचं एकही घर नसताना सवाऱ्या बसतात. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांनी गावं लुटली, जाळली. त्याचे घाव आमच्या आजोबांच्या पिढीनं जन्मभर बाळगले. आणि पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत सूड निघाला तो ज्यांनी काही केलं नव्हतं अशांवरही निघाला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्या हिवाळ्यात दौरा केला, तेव्हा सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर आणि नांदेड मोजले. आजचा लातूर तेव्हा उस्मानाबादेत आणि बीदरात वाटलेला होता. आमच्या गावातलं मुल्लाचं घर तेव्हा टिकलं, पण पुढच्या पिढीत पोटामागे हैदराबादला गेलं. त्यांच्याबरोबर त्यांची गोष्टही गेली. कोनाडे राहिले. आता त्यांतल्या एकात गणपती बसतो, एकात मतदानाच्या दिवशी यंत्राची वायर जाते. आज गावातला एखादा तरुण ठामपणे सांगतो की इथं मुसलमानांचा काही संबंध नव्हता. मला त्याचा राग येत नाही, धास्ती वाटते. मूळ धूसर असलं की त्यात सगळ्यांना जागा मिळते हे खरं, पण त्याच धुक्यात कुणाला तरी गुपचूप बाहेरही काढता येतं.

मग भूकंपाचं साल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी... ती नावं तोवर महाराष्ट्रात कुणाला माहीत नव्हती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, जे उन्हाळ्यात आम्हांला गारवा द्यायचं, तेच हजारो माणसांच्या अंगावर आलं. माझी मावशी औसा तालुक्यातल्या त्या पट्ट्यात दिलेली. ती वाचली, तिचं घर वाचलं नाही, घरातलं कोण कोण वाचलं नाही ते ती सांगत नाही. आमच्या गावात एकही भिंत पडली नव्हती, तरी त्या दिवाळीच्या आत लोकांनी भीतीनं माळवदं उतरवली. चावडीचंही उतरवलं. गढीतून पिढ्यानपिढ्या वर गेलेली माती एका आठवड्यात खाली आली आणि तिचा ढीग नदीकाठी पडला. वर पत्रा आला. तेव्हापासून चावडी उन्हाळ्यात तापते आणि पावसात तिच्यात बोललेलं ऐकू येत नाही.

मावशीचं गाव बावन्न पुनर्वसित गावांपैकी एक. नवं गाव आखीव, रुंद रस्त्यांचं. घरं जमिनीच्या मानानं मिळाली: अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फूट. त्यामुळे जुन्या आळ्या मोडल्या. शेजार नवा झाला. मधोमध समाजमंदिर, आणि त्याच्या दारावर संगमरवरी पाटी. कोणी बांधलं, कोणत्या तारखेला, कुणाच्या हस्ते, सगळं कोरलेलं. मी मावशीला म्हटलं, तुमच्या समाजमंदिराचं तरी मूळ पक्कं आहे. ती म्हणाली, "हाय की. ज्यांनी बांधून दिलं त्यांचं भलं व्हावं. आमी उघड्यावर व्हताव." हे ती मनापासून म्हणाली, आणि त्यावर मला काही बोलायचं नाही. संकटात परक्या मुलखातल्या माणसांनी छप्पर दिलं तर त्यांचं नाव दारावर असलंच पाहिजे. मग तिनं आपणहून जुन्या चावडीची गोष्ट काढली. कोणी बांधली होती ते तिला माहीत नव्हतं. पण तिच्या नवऱ्याची जागा कुठे होती, दिराची कुठे, आणि पहाटे चारच्या आधी त्या चावडीत निजलेले गणपती मंडळाचे पोरगे कोणकोणते, हे तिनं एकेक करून सांगितलं. त्या नावांची पाटी तिच्या जिभेवर आहे.

हे सगळं आता काढण्याचं कारण ड्रोन. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो; गावठाणाचं मोजमाप करून प्रत्येक मिळकतीला नकाशा आणि सनद द्यायची, अशी ती योजना. आमच्याकडे भूमी अभिलेखची माणसं आली, ग्रामपंचायतीच्या लोकांनी घराघराभोवती चुन्याच्या रेघा ओढल्या, आणि वरून यंत्र घोंगावत गेलं. माणसांना आपल्या घराचा कागद मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. विशेषतः ज्या बाईच्या नावावर कधी काही नव्हतं तिला. पण चुन्याची रेघ चावडीपाशी आली आणि थबकली. पडताळणीच्या कागदात एक रकाना असतो, धारकाचं नाव. देशमुखांच्या घरच्यांनी पणज्याचं नाव पुढे केलं. दुसऱ्या बाजूनं ओरडा झाला. कुणी म्हणालं सरकार लिहा, कुणी म्हणालं मारुती देवस्थान लिहा. इतकी वर्षं जो प्रश्न पारावरच्या गप्पांचा होता तो एकदम कागदाचा झाला.

ग्रामसभा चावडीतच भरली. त्या दिवशी मी माहेरी होते आणि जोत्यावर, माली पाटलाच्या म्हणतात त्या खांबाला टेकून बसले होते. पलीकडे बौद्धवाड्यातल्या त्या आजींची सून, ग्रामपंचायत सदस्य, खुर्चीवर. पंचायतीत बायकांना आधी तेहेतीस टक्के आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या, त्यातून ती इथवर आली. तिच्या पणजेसासऱ्यानं वाहिलेल्या दगडावर तिची खुर्ची होती. बरीच वादावादी झाली. देशमुखांकडचे वडीलधारे शेवटी म्हणाले, "आमचा पणजा बांधला असंल नसंल, आमाला खोली नको हाय, नाव पायजे." आणि तीच सून उठून म्हणाली, "काका, नाव द्यायचं तर समद्यांचं द्यावं लागंल. मग भिंत पुरंल का?"

रकान्यात ग्रामपंचायत असं लिहून झालं. तो प्रश्न मिटला. नावाचा मिटलेला नाही. पत्रा काढून चावडीवर पुन्हा नीट छप्पर घालायचं ठरतं आहे. माळवद नको, पण खाली लाकडी तक्तपोशी आणि वर कौलं, म्हणजे पावसात बोललेलं ऐकू येईल. पंचायतीत काहींचं म्हणणं आहे की काम झाल्यावर दर्शनी जागी पाटी लावावी: मूळ बांधकाम अमुक, जीर्णोद्धार तमुक. मी विरोधात आहे आणि तसं लेखी दिलं आहे. "मूळ बांधकाम" या शब्दांपुढे एक नाव कोरलं की बाकीची सगळी त्या क्षणी खोटी ठरतील: कोनाडे खोटे, कीर्तिमुख खोटं, वेठीत वाहिलेला दगड खोटा. तुळईवरचा १३२५ तसाच राहू द्यावा, रंग न देता. वीरगळ पायरीतून काढून भिंतीला उभा करावा, त्याच्यावर पाय देणं पुरे झालं. आणि काही लिहायचंच असेल तर कामांची नावं लिहावीत, माणसांची नकोत: दगड फोडणारे, वाहणारे, तासणारे, माती तुडवणाऱ्या, पाणी आणणाऱ्या.

सुतारकाकांचा मुलगा म्हणतो, आखूड खांब बदलून टाकू, सागवान मिळतं अजून किनवटकडं. त्यालाही मी नको म्हटलं. अंदाजपत्रक पंचायत समितीत गेलं आहे. पाटीचा विषय पुढच्या ग्रामसभेच्या यादीत चौथा आहे.